गोठेबाईंचा आवाज

गोठेबाईंचा आवाज काही गोड नव्हता. गाण्याच्या परीक्षेला बसल्या असत्या तर परीक्षकांनी त्यांना आधी पाणी पाजलं असतं आणि मग प्रेमाने घरी पाठवलं असतं. घोगरा, थोडा नाकातून येणारा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी समोरच्याला कोपराने ढोसणारा असा तो आवाज. पण दूरदूरच्या गोठ्यांमध्ये तो घरचा झाला होता. धारा काढायच्या वेळी खुंटीला अडकवलेल्या फोनमधून बाई विचारायच्या, "कपिलेने आज वैरण खाल्ली का?" आणि शेणाने हात भरलेली माणसं मोठ्याने उत्तर द्यायची, "खाल्ली, खाल्ली!" फोनला ते ऐकू जात नसे, पण उत्तर दिल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही.

बाई एका पशुसंवर्धन संस्थेत नोकरीला होत्या. त्या संस्थेत गाईवर बोलणारे पुष्कळ आणि गाईजवळ जाणारे मोजके. बाई उठल्या की गोठ्यात, बसल्या की गोठ्यात, म्हणून सगळे त्यांना गोठेबाई म्हणत. आधी ते चिडवणं होतं. पुढे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं आणि बाईंनाही ते आवडायला लागलं. घरी मात्र त्या बेबी. पन्नाशी उलटली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी दादा-वहिनींच्या लेखी बेबी ती बेबीच.

घरच्या गाई दादाच्या वाट्याला आल्या होत्या आणि शिक्षण बाईंच्या. यावरून दोघा भावंडांत जन्माचं बिनसलेलं. भांडण म्हणावं असं काही नाही, पण बाई सुट्टीला गेल्या, गोठ्यात उभ्या राहिल्या आणि "दादा, हिला जरा मीठ जास्त दे" एवढं जरी म्हणाल्या, तरी दादा तोंड फिरवून म्हणायचा, "पुस्तकातली गाय किती दूध देते गं?" मग बाई फुगायच्या, दादा घुम्यासारखा शेण ओढत बसायचा आणि वहिनी मध्ये चहाचे कप आणून ठेवायच्या. वर्षानुवर्षं हा प्रयोग असाच चालला होता.

गाईंचा हिशोब फोनवर ठेवायची कल्पना बाईंची. कोणती गाय कधी व्यायली, कधी माजावर आली, गाभण राहावी म्हणून कधी भरवली, दूध वाढतंय की घटतंय, हे मालकाने रोज फोनमध्ये टाकायचं आणि फोनने सांगायचं की आता काय करा. आज सगळीकडे अशी साधनं आहेत, पण तेव्हा संस्थेत हसू झालं. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, आता बाई फोनवरून गाई हाकणार, असं म्हणत लोक टाळ्या देत होते. त्या हसण्यात एकटा सामील झाला नाही तो बारक्या.

बारक्या संगणक विभागातला. नाव पडलं तेव्हा खरोखरच बारीक होता, वाऱ्याने उडेल असा. घरापासून लांब, खानावळीचं जेवण पोटाला सोसत नाही, म्हणून बाईंनी त्याला एकदा घरी जेवायला नेलं आणि मग तो जेवतच राहिला. बाई एकट्या. टेबलावर एक ताट मांडायची सवय, ती दोन ताटांची झाली. बारक्या आजारी पडला तेव्हा औषधं बाईंनी दिली. त्याच्या लग्नात मुलाकडची म्हणून पुढे उभ्या राहिल्या त्याही बाईच. "ताई, तुम्ही नसता तर मी कधीच घरी पळून गेलो असतो," असं तो दहाजणांसमोर म्हणायचा. खोटं बोलत होता असंही नाही. माणसं कृतज्ञ असतात आणि तरीही करायचं ते करतात, एवढंच.

साधन बोलकं करायचं हा हट्ट बाईंचाच. गोठ्यात कुणाचे हात कोरडे असतात? चष्मा घरात, हात कासेला, मग वाचणार कोण? म्हणून सल्ला ऐकू आला पाहिजे. आवाज कुणाचा द्यायचा यावर समितीत बरीच चर्चा झाली. बातम्या सांगणाऱ्या बाईंपासून संचालकांच्या मुलीपर्यंत नावं निघाली. शेवटी बारक्या वैतागून म्हणाला, "गाय समजणारं माणूस बोलू दे ना, साहेब. नाहीतर ती बाई वासराला बछडा म्हणायची." आणि आवाज गोठेबाईंचा ठरला.

वैरणीचे नमुने ठेवायच्या कोठीत दोघांनी काम सुरू केलं. तिथे भिंतीला कडब्याच्या पेंढ्या लावलेल्या, त्यामुळे आवाज घुमत नसे. रेकॉर्डिंगची पद्धत मात्र बाईंना आधी विचित्र वाटली. सबंध वाक्य बोलायचं नाही, तुकडे बोलायचे. "आज" वेगळं, "उद्या" वेगळं. "खुराक वाढवा" वेगळं, "खुराक कमी करा" वेगळं. एक, दोन, तीन असे सगळे आकडे वेगळे. मग फोन हवे ते तुकडे जोडून हवं ते वाक्य तयार करणार. एवढंच नाही, गाईंची नावंसुद्धा बाईंनी बोलून ठेवली. गोठ्यागोठ्यांतून नावं मागवली आणि कपिला, ढवळी, मोरी, चंद्री, तांबू अशी नावं त्या कडब्यात बसून घेत राहिल्या. प्रत्येक नाव दोनदा. एकदा बातमी दिल्यासारखं आणि एकदा काळजीने विचारल्यासारखं. "काळजीचं वेगळं कशाला?" असं बारक्याने विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "आजारी गाईचं नाव कुणी ठणठणीत आवाजात घेतं का रे?" बारक्याने मुकाट्याने काळजीचा वेगळा खण केला.

एका तुकड्यावर मात्र दोघांची जुंपली. तो तुकडा म्हणजे "आता विका." बाई तो बोलायलाच तयार नव्हत्या.

"ताई, कधी कधी विकावी लागतेच ना गाय? मग ते सांगायला नको? का आपलं साधन नुसते आशीर्वाद देणार?"

"सांगायला हवं. पण ते वाक्य ऐकून माणूस दावं सोडतो, बारक्या. खुराकाचं वाक्य चुकलं तर एका दिवसाचा खुराक जातो. हे वाक्य चुकलं तर गाय जाते."

शेवटी बाईंनी अट घातली. गाय सलग दोन वेळा भाकड राहिली पाहिजे, डॉक्टरने तिला हात घालून तपासलं पाहिजे आणि त्याने आपल्या फोनवरून होकार दिला पाहिजे. त्याशिवाय "आता विका" वाजणार नाही. बारक्याने तसा नियम लिहिला आणि मग बाईंनी डोळे मिटून ते दोन शब्द बोलून टाकले. साधन लोकांच्या हातात गेल्यावर ते शब्द क्वचितच वाजले. वाजले तेव्हाही बाईंना संस्थेत खबर यायची आणि त्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष नसायचं.

साधनाचं नाव ठेवलं होतं 'दावण'. फुकट होतं. लोकांनी ते उचलून धरलं म्हणण्यापेक्षा अंगाखांद्यावर घेतलं. बाई कुठल्या गोठ्यात गेल्या आणि तोंड उघडलं की आतली माणसं चमकून बघायची, "अगं बाई, या तर फोनमधल्या!" कुणी म्हातारा खोटंखोटं रागवायचा, "काल पहाटे किती ओरडलात आमच्यावर." बाई लाजायच्या आणि वर तोंडाने म्हणायच्या, "मग पाणी वेळेवर पाजायचं ना!"

पण सगळ्यात मोठं नवल दादाचं. वहिनींनी गुपचूप त्याच्या फोनमध्ये दावण टाकून दिलं होतं. पहिल्या दिवशी बहिणीचा आवाज ऐकून तो म्हणे बाहेर जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने दारात उभं राहून ऐकलं. आणि मग समोर बसलेल्या बहिणीचं कधी न ऐकणारा दादा फोनमधल्या बहिणीचं मुकाट्याने ऐकायला लागला. कदाचित फोनमधली बहीण उलट बोलत नव्हती म्हणून असेल. काही का असेना, पुढच्या सुट्टीला बाई गेल्या तर दादाने आपणहून विचारलं, "बेबी, या तांबूचं काय करावं म्हणतेस?" बाई गव्हाणीवर बसून पदराने चष्मा पुसत राहिल्या. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा पहिल्यांदाच तो भांडणाशिवाय प्यायला गेला.

एवढं सगळं चांगलं चाललंय म्हटल्यावर ते कुणाच्या तरी डोळ्यांवर येणारच. साधन वापरणारे वाढले, संस्थेची यंत्रं धापा टाकायला लागली, वरून पैसा येईना. तेवढ्यात एका मोठ्या पशुखाद्य कंपनीने विचारणा केली की दावण आम्हाला चालवायला द्या. संस्थेत बौद्धिक संपदा कक्ष नावाची एक खोली होती. संस्थेची बुद्धी तिथल्या कपाटात कुलूप लावून ठेवतात आणि म्हणून ती बाहेर कुठे दिसत नाही, असा आमच्याकडचा जुना विनोद. तिथले साहेब ते हक्कसाहेब. त्यांनी बाईंना आणि बारक्याला बोलावून समजावलं.

"बाई, विकायचं नाही आहे. परवाना द्यायचा आहे. मालकी संस्थेची, कर्ते तुम्ही दोघं, फक्त वापरायचा हक्क त्यांचा. घर आपलंच, भाडेकरू ठेवायचा."

"आणि भाडेकरूने भिंत पाडली तर?" बाईंनी विचारलं.

"तसं करारात घालता येतं. काय पाडायचं नाही ते तुम्ही सांगा."

बाईंनी सांगितलं. बाकी रंग बदला, चित्रं बदला, नाव बदला. पण कोणतं वाक्य कधी वाजेल याचे नियम माझ्या होकाराशिवाय बदलायचे नाहीत. हक्कसाहेबांनी मान डोलावली. कंपनीबरोबर बैठका पुष्कळ होणार होत्या आणि प्रत्येक बैठकीला दोघा कर्त्यांनी यायची गरज नव्हती. संस्थेच्या नियमाप्रमाणे एकाने दुसऱ्याला आपला प्रतिनिधी नेमलं की त्याचा होकार तो दोघांचा होकार धरला जाई. त्याच सुमाराला भागात जनावरांच्या खुरांच्या रोगाची साथ आली होती. बाईंचा पाय संस्थेत ठरत नव्हता. आणि खरं सांगायचं तर बैठकीत बाईंना झोप यायची. त्यांनी बारक्याला प्रतिनिधी नेमलं.

"हे बघ," कोठीच्या दारात त्या त्याला म्हणाल्या, "तुला पटेल तिथे दोन पावलं मागे ये. फक्त ती एक अट सोडू नकोस."

"ताई, हे मला सांगायला हवं का?" बारक्या म्हणाला. त्याला थोडा रागच आला होता, असं बाईंना नंतरही आठवत राहिलं.

करार झाला. फोटो काढले. बाई चिखलाच्या बुटांनीच आल्या होत्या, म्हणून त्यांना मागच्या रांगेत उभं केलं. थोड्याच दिवसांत बारक्याने संस्था सोडली आणि त्याच कंपनीत दावण विभागाचा प्रमुख म्हणून गेला. संस्थेत कुजबुज झाली. "सौदा करायला गेला आणि स्वतःच सौद्यात गेला," असं लेखाविभागातला एकजण बाईंच्या तोंडावर म्हणाला. बाई त्याच्यावर अशा काही कडाडल्या की बिचाऱ्याने त्या दिवशी चहाची वेळही चुकवली. पोरगा पुढे गेला तर तुमच्या पोटात का दुखतं, असं त्यांनी सगळ्यांना सुनावलं. आपल्या माणसाची बाजू घेण्यात बाईंचा हात कुणी धरला नसता. बारक्याला नव्या नोकरीसाठी त्यांनी दोन चांगले शर्ट घेऊन दिले. आधीचे त्याला आता पोटावर बसत नव्हते.

मग एका सकाळी वहिनींचा फोन आला. नेहमी "जेवलीस का" पासून सुरू करणाऱ्या वहिनी थेट म्हणाल्या, "बेबी, असं सांगताना तुला काहीच वाटलं नाही का गं?"

"काय सांगताना?"

"तांबूला विका म्हणून."

बाईंना आधी वाटलं की वहिनींचं काहीतरी चुकतंय. हळूहळू उलगडा झाला. तांबूचं दूध काही दिवस कमी झालं होतं. दादाने ते नेहमीसारखं फोनमध्ये टाकलं. आणि फोन बोलला. आधी नाव, तेही काळजीच्या आवाजातलं. मग, "आता विका." खाली गाडीचं चित्र आलं. त्यावर बोट ठेवलं की कंपनीच्या जनावर खरेदी केंद्राची गाडी दारात. दादा दिवसभर तिच्यापाशी बसून होता. मग त्याने तांबूला धुतलं, अंग पुसलं आणि स्वतः गाडीत चढवलं.

"अहो, पण मला एक फोन करायचा ना, वहिनी!"

"मी म्हटलं यांना, बेबीला विचारू या. तर म्हणाले, विचारायचं काय, तीच तर बोलली. बेबी नीट विचार केल्याशिवाय असं बोलणार नाही, म्हणाले." मग त्या म्हणाल्या, "काल डॉक्टर आले होते. त्यांना तांबू पलीकडच्या एका मोठ्या गोठ्यात दिसली. गाभण आहे ती. भरवलं ते ठरलंच नाही असं आम्ही धरून बसलो, आणि गाभण होती म्हणून दूध आटत होतं. केंद्राने गाभण म्हणूनच विकली तिकडे."

बाई फोन कानाला धरून खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. वहिनी पलीकडून हॅलो, हॅलो म्हणत होत्या.

आता बाईंनी दावण उघडून नीट बघितलं. इतके दिवस त्या रोगाच्या मागे होत्या आणि बारक्या आहे म्हणून निर्धास्त होत्या. खुराकाचं वाक्य वाजलं की "रोज", "खुराक वाढवा", "चित्रात दिसतो तसा" हे तुकडे जोडले जात होते आणि चित्रात कंपनीची पिशवी. डॉक्टरच्या होकाराचा नियमच नव्हता. दोन वेळा भाकडचा नियम नव्हता. दूध अमुक एका रेषेखाली गेलं की केंद्राची गाडी. आणि हे सगळं बाईंच्या घोगऱ्या, घरच्या आवाजात. एकही शब्द नवा नव्हता. कडब्यात बसून त्यांनी जे मणी एकेक करून घडवले होते, त्यांचीच माळ दुसऱ्याने हवी तशी ओवली होती. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?

दुसऱ्या दिवशी त्या कंपनीत गेल्या. काचेची इमारत, आत थंड हवा, गाईची मोठमोठी चित्रं आणि वास मात्र कुठल्यातरी फुलांचा. बारक्या धावत बाहेर आला. "ताई, कळवायचं तरी, गाडी पाठवली असती," म्हणाला. गाडी हा शब्द ऐकून बाई दारातच थांबल्या.

"तांबू गेली," त्या म्हणाल्या. "दादाची. गाभण होती."

बारक्या तांबूला ओळखत होता. सुट्टीत बाईंबरोबर दादाकडे राहून आला होता, तांबूचं दूध प्यायला होता. त्याचा चेहरा उतरला. खोटा नव्हता तो चेहरा, आणि त्याचाच बाईंना जास्त संताप आला.

"मी बघतो, ताई. ती परत आणता येईल. मी केंद्राशी बोलतो."

"दादाची आणशील. आणि बाकीच्यांच्या?"

त्याने त्यांना खुर्चीत बसवलं आणि चहाचा कप पुढे सरकवला.

"अट कुठे गेली, बारक्या?"

"पहिल्याच बैठकीत अडली. नियम हातात नसतील तर आम्हाला साधन नको, असं म्हणाले ते. मग दावण बंदच पडलं असतं, ताई. संस्था किती दिवस चालवणार होती? बंद पडण्यापेक्षा..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. "आणि वाक्य तर आम्ही एकही बदललेलं नाही. शब्दन् शब्द तुमचाच आहे."

"तो कधी वाजायचा, तेच तर माझं होतं रे! आवाज काय, कावळ्यालाही असतो."

बारक्याने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"विचारायचंस मला. एक फोन. गोठ्यात होते, मेले नव्हते."

यावर बारक्या जे बोलला ते मात्र खरं बोलला. "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

एवढं साधं उत्तर होतं ते. बाई मोठं काहीतरी ऐकायच्या तयारीने आल्या होत्या. धमकी होती, दबाव होता, सही फसवून घेतली, असं काही ऐकलं असतं तर त्यांनी त्याला पदराखाली घेऊन कंपनीशी भांडण मांडलं असतं. पण त्याला त्यांचं उत्तर माहीत होतं आणि म्हणूनच त्याने विचारलं नव्हतं. नोकरीचं कधी ठरलं, करारानंतर की आधी, हे विचारायचं बाईंच्या जिभेवर आलं होतं. त्याने त्यांचाच घेतलेला शर्ट घातला होता. त्यांनी ते विचारलं नाही. त्या उठल्या आणि चहा तसाच ठेवून निघाल्या. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असं त्यांना पायऱ्या उतरताना वाटलं. कापणाऱ्याचा हात मऊ होता म्हणून इतके दिवस कळलंही नाही.

हक्कसाहेबांनी कपाट उघडून करार दाखवला. साधन आणि त्यातले सर्व घटक, असं त्यात होतं. आवाज हाही घटक. मक्तेदारीचा परवाना, म्हणजे मुदत संपेपर्यंत दुसरं कुणी तसं साधन त्या आवाजात चालवू शकत नाही. संस्था नाही. बाईसुद्धा नाहीत.

"माझ्या आवाजात मीच नाही?"

"दावणवर नाही. एरवी बोला ना, बाई, तुम्हाला कोण अडवतंय?" हक्कसाहेब समजुतीने म्हणाले. "तुमच्या वतीने होकार आहे ना इथे. प्रतिनिधी तुम्हीच नेमलेला."

"तुम्ही त्या बैठकीला होतात. अट सोडली तेव्हा तुम्हालाही विचारावंसं वाटलं नाही?"

"मला वाटलं तुमच्यात बोलणं झालं असेल," साहेब म्हणाले. "घरचंच नातं होतं ना तुमचं." त्यांनी कपाट पुन्हा लावून घेतलं.

बाई मग एरवी बोलायला निघाल्या. गोठ्यागोठ्यात जाऊन सांगायला लागल्या की फोनमधलं ऐकू नका, ते मी बोलत नाही. लोक त्यांच्याकडे बघत, मग फोनकडे बघत. एका घरी एक बाई म्हणाली, "ताई, तुम्ही दमलात वाटतं. बसा जरा. सकाळीच तर बोललात तुम्ही माझ्याशी." आणि तिने फोन लावून ऐकवलाही. बाईंनी आपलंच म्हणणं खोडायला तोंड उघडलं, तर फोनमधल्या आवाजापुढे त्यांचा स्वतःचा आवाज थकलेला आणि परका वाटला. ती बाई हसली आणि चहा ठेवायला आत गेली. तिच्या एका गाईचं दूध कमी झालं होतं.

शेवटी त्या दादाकडे गेल्या. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं, पण पाय उचलला नव्हता.

तांबू परत आली नव्हती. मोठ्या गोठ्याचा मालक सोडायला तयार नव्हता. दादा दावणीशी होता. फोनची खुंटी रिकामी होती. बाईंनी सगळं सांगितलं, तुकड्यांचं, बारक्याचं, कराराचं. दादा पाठमोरा वैरण टाकत ऐकत राहिला. त्याला समजलं. दादा अडाणी नव्हता, फक्त हट्टी होता.

"म्हणजे तू नाही म्हणालीस," तो शेवटी म्हणाला.

"नाही रे, दादा. मी कशी म्हणेन?"

"मला कळतंय, बेबी." तो वळला. डोळे लाल झाले होते. "कळतंय गं मला. पण तांबूचं नाव तुझ्याच तोंडून आलं ना? किती मायेने घेतलं होतंस. ते कानातून जात नाही माझ्या."

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला दादाच्या दुसऱ्या गाईने, ढवळीने, हंबरून शेपूट एका बाजूला घेतली. बाईंची नजर सवयीने तिच्याकडे गेली. गाय माजावर होती. आज भरवली नाही तर वेळ जाणार होती. दादाच्या हे लक्षात आलं नव्हतं. त्याचं हल्ली कशातच लक्ष नव्हतं.

"दादा, ढवळी..." बाईंनी सुरुवात केली.

दादाचा हात झटकन वर आला. मारायला नाही, कानाकडे. मग त्याचा त्यालाच हात खाली घ्यावासा वाटला. त्याने तो घेतला आणि हळू म्हणाला, "रागवू नकोस. पण बोलू नकोस, बेबी. काय ते हाताने दाखव."

बाई पुढे झाल्या. ढवळीजवळ उभ्या राहून त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, शेपूट बाजूला केली आणि बोटाने दादाला दाखवलं. दादाने बघितलं, मान हलवली आणि डॉक्टरला बोलवायला घरात गेला. तो परत येईपर्यंत बाई तिथेच उभ्या होत्या आणि त्यांनी गाईलाही हाक मारली नाही.